बी विंगच्या मागे दिसणारा दिवा

बी-५०२: आज पुन्हा आलाय तो ड्रोन. साडेआठपासून टेकडीच्या वर थांबलाय, लाल-हिरवा दिवा लुकलुकतोय. हे गावाला गेलेत, लेक बाल्कनीत जायला तयार नाही. व्हिडिओ टाकलाय, झूम करून बघा.

ए-१०१: आम्हालाही काल दिसला! तासभर जागचा हलला नाही. घरांचं शूटिंग करतायत की काय?

सचिव: उद्या चौकीत लेखी अर्ज देऊ. सह्या करायला सकाळी ऑफिसात या.

सी-७०४: सचिवसाहेब, एक दिवस थांबाल का? ताई, तुम्ही लगेच कळवलंत ते चांगलंच केलंत. पण मला तो व्याधाचा तारा वाटतोय. या दिवसांत तो साधारण याच वेळेला, आग्नेयेकडे, टेकडीच्या वर येतो. साधा ड्रोन अर्ध्या-पाऊण तासात खाली उतरवावा लागतो, बॅटरी संपते. हा तासन्‌तास आहे.

ए-१०१: तारा लाल-हिरवा कसा होईल?

सी-७०४: क्षितिजाजवळ असताना त्याचा उजेड हवेच्या फार जाड थरातून आपल्याकडे येतो. हवा हलत असते, प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो, म्हणून क्षणात लाल, क्षणात हिरवा. व्याध रात्रीच्या ताऱ्यांत सगळ्यात तेजस्वी, त्यामुळे त्याचे रंग जास्त उठून दिसतात. व्हिडिओत जो थरथरणारा गोळा आहे, तो फोकस चुकल्याने झालाय. कुठल्याही ताऱ्यावर फोन झूम करा, तसाच येईल.

बी-५०२: पण तो सरकतोय हो. आधी टेकडीला टेकला होता, आता बराच वर गेलाय.

सी-७०४: सरकणारच, पृथ्वी फिरतेय ना. लडाखमध्ये नेमकं हेच झालं होतं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात चीनच्या सीमेजवळच्या ठाकुंगच्या बाजूला, पँगाँग तळ्यावर, आपल्या लष्कराला आकाशात उजळ वस्तू दिसत होत्या. एक संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसरी पहाटे चारला. चिनी टेहळणी ड्रोन असावेत असा संशय आला. एकूण ३२९ नोंदी झाल्या, त्यातल्या १५५ वेळा वस्तूने प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचं लिहिलं होतं. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. लडाखमधल्या हानलेची वेधशाळा त्यांचीच. आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भात त्या वस्तू कशा सरकतात ते तपासलं आणि उत्तर मिळालं: संध्याकाळचा गुरू, पहाटेचा शुक्र.

ए-१०१: अरे देवा! लष्कराला गुरू-शुक्र ओळखू आले नाहीत?

डी-२०१: ताई, असं बोलू नका. मी त्या भागात नोकरी केलीय. तिथली हवा इतकी विरळ आणि स्वच्छ की ग्रह इथल्यापेक्षा कितीतरी प्रखर दिसतो. पलीकडे खरोखर ड्रोन उडत असतात. पहाऱ्यावरच्या जवानाने दिसेल ते लिहायचं असतं. ‘तारा असेल’ म्हणून सोडून दिलं आणि निघाला ड्रोन, तर?

सी-७०४: काका, अगदी बरोबर. त्या संस्थेतले शास्त्रज्ञ तुषार प्रभू यांनीही उंचावरची हवा आणि ड्रोनचा वाढलेला वावर हीच कारणं सांगितली होती. आणि कोडं सुटलं तेही लिहून ठेवल्यामुळेच. वेळ, दिशा, उंची यांची नोंदच नसती तर शास्त्रज्ञांनी तपासलं काय असतं? म्हणून मला ते जवान हसण्याजोगे वाटत नाहीत. आपल्या अर्जात तर एवढंही नाही, नुसतं ‘ड्रोन दिसतो’. चौकीतल्यांनी त्यावर काय करायचं?

बी-५०२: मग काय लिहू?

सी-७०४: बाल्कनीत एकाच जागी उभं राहायचं. तो टाकीच्या पाइपाच्या टोकाला नेमका किती वाजता येतो ते टिपायचं. उद्या त्याच जागेवरून पुन्हा. तारा असेल तर चार मिनिटं आधी येईल, परवा आणखी चार. आत्ताच खात्री हवी असेल तर वर मृगाकडे बघा. मधले तीन तारे एका रेषेत आहेत, तो व्याधाने मारलेला बाण. ती रेष खाली वाढवत न्या.

बी-५०२: थांबा, बघते.

बी-५०२: बरोबर त्याच्यावरच येतेय हो रेष! आणि आता लाल-हिरवा नाही, पांढराच दिसतोय.

सी-७०४: वर चढला ना, मधली हवा कमी झाली. लेकीलाही दाखवा. पण ताई, उद्याची वेळ टिपाच. जुळली नाही तर अर्जावर पहिली सही माझी.

सचिव: ठीक आहे, अर्ज परवापर्यंत थांबवतो. ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी उद्या रात्री गच्ची उघडी ठेवायला वॉचमनला सांगतो. मुलांना एकटं पाठवू नका, कठडा बुटका आहे.

ए-१०१: मी येते. पाइपाची वेळ मीही आमच्या बाल्कनीतून टिपते.