अनुभव धागा: शाळेनं पुस्तकाबाहेरही सांभाळलं ते दिवस

करीरोडकर:
काल रात्री नऊला करी रोडच्या पुलावरून येताना एका शाळेत दोन वर्गांत दिवे दिसले आणि थेट 1982 आठवलं. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, मार्चात माझी दहावी. दहा बाय बाराची खोली, आम्ही आठ माणसं, पगार बंद. रात्री बाबांचे मित्र जमायचे, संपाशिवाय दुसरा विषय नाही. आमच्या सरांनी परवानगी काढून दोन वर्ग रात्री दहापर्यंत उघडे ठेवले. तिसऱ्या दिवशी मला डुलकी लागली. ओरडले नाहीत. व्हरांड्यात नेऊन विचारलं, जेवलास का? दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत दोन डबे. "हिनं जास्त दिलंय रे, संपव." पोरांसमोर कधी एक शब्द नाही. तुमचेही अनुभव लिहा.

चाफा:
वाचून घशाशी आलं. आमच्या बाईंच्या कपाटात धुतलेल्या दोन सलवारी आणि पॅड कायम असायचे. मागावं लागायचं नाही, किल्ली कुठे असते ते आठवीच्या पुढच्या सगळ्या मुलींना माहीत. कुकर झाला, नंतर येते

रात्रपाळी:
ते दिवे रात्रशाळेचे असणार हो! मी तिथलाच. म्हणजे तशाच एका शाळेतला. दिवसा कँटीनमध्ये कपबश्या, साडेसहाला वर्ग. शनिवारी शेवटचा तास कॅरम. सर म्हणायचे, आठवडाभर मोठ्यांसारखे राबता, तासभर पोरं व्हा.

पुणेरी_पाटी:
मी पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी शाळेची. विसर्जन मिरवणुकीतलं बरचीनृत्य! घरी तोंडातून शब्द न काढणारी मी लक्ष्मी रोडवर ढोलाच्या ठेक्यावर नाचत होते, आई ओळखेचना.

अबोल:
मी अडखळत बोलायचो. स्नेहसंमेलनात आधी दोन वर्षं पडदा ओढायला दिला, मग एक वाक्य, दहावीत सूत्रसंचालन. बाईंनी घाई केली नाही एवढंच.

चाफा:
आले परत. @अबोल किती छान. चित्रकलेच्या सरांचं राहिलं, गणितात नापास झाले तेव्हा इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला त्यांनीच बसवलं. आता त्या ग्रेडचे दहावीत वाढीव गुण मिळतात म्हणे?

पुणेरी_पाटी:
हो, ए ला 7, बी ला 5, सी ला 3. भाचीला मिळाले.

दोन_मुलांची_आई:
विषय थोडा वेगळा आहे, सॉरी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची शाळा सातवीत सुटली. पस्तिशीच्या आहेत. रात्रशाळेत घेतील का?

रात्रपाळी:
का नाही घेणार, माझ्या बाकावर चाळिशीचे काका होते. संध्याकाळी शाळेत जाऊन आठवीचं विचारा. रोज जमणार नसेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. आधी शाळा सोडल्याचा दाखला शोधायला सांगा त्यांना, गावी असेल तर वेळ लागतो.

दोन_मुलांची_आई:
दाखला गावीच आहे, साताऱ्याकडे. गणपतीला जाणार आहेत, तेव्हा आणायला सांगते.