वीस माणसांची मंडळी: उपासना आपल्याच देवळात, की तालुक्याला?

घंटेची दोरी (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, मंडळी जुन्या एसपीजी मिशनची, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या मिशनची. दगडी देऊळ, वर पत्रे, आवारात घंटा. आजी सांगायची, नाताळला लोक बाहेर गोणपाटावर बसायचे. आता रजिस्टरात नावं भरपूर, पण ती माणसं पुण्या-पिंपरीत. रविवारी बाकांवर अठरा ते बावीस डोकी, निम्मी साठीपुढची. पाळकसाहेबांकडे पाच गावं, त्यामुळे आमच्याकडे ते महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी). बाकीचे रविवार एक निवृत्त गुरुजी प्रार्थनापुस्तकावरून सकाळची उपासना चालवतात.

पंचांपुढे विषय आलाय: जीप लावून दर रविवारी तालुक्याच्या चर्चला जायचं आणि आपलं देऊळ नाताळ, ईस्टर आणि आद्यफळाच्या सणालाच (पहिलं पीक देवाला वाहतो तो) उघडायचं. मी म्हणतो, जावं. शब्बाथशाळेत तीन मुलं आहेत, त्यातली दोन माझी. पेटीचा भाता फाटलाय. आणि परवा धाकटीनं विचारलं, "पप्पा, गुरुजी असले की क्षमा का नसते?" बरोबर आहे तिचं. पापांगीकारानंतर पाळक उभे राहून क्षमा जाहीर करतात. गुरुजींची दीक्षा झालेली नाही, म्हणून ते गुडघ्यावरच राहून दुसरी प्रार्थना वाचतात. पोरीच्या ते लक्षात आलं. मला काय उत्तर द्यावं सुचेना.

जुना वाचक

दोरीदादा, तुमच्या लेकीला शंभरपैकी शंभर. पण उत्तर तिच्या प्रश्नातच आहे की. गुरुजींना काय करता येतं आणि काय नाही, हे ठरलेलं आहे, म्हणूनच पाळक नसताना तुमचं दार उघडतं. सकाळची उपासना पाळकावर अडलेली नाही. स्तोत्र, दोन पाठ, विश्वासांगीकार, प्रार्थना, सगळं छापलेलं. ज्याला वाचता येतं आणि ज्याच्यावर मंडळीचा विश्वास आहे, त्यानं चालवावं. बाकीच्या कित्येक मंडळ्यांत उपदेशक आला नाही की उपासनाच नाही.

आणि वीस म्हणजे थोडे, हे कोणी सांगितलं? १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाच्या विधीखाली सूचनाच आहे: पॅरिशमध्ये वीसाहून जास्त जाणती माणसं नसली, तरी पाळकाबरोबर भोजन घेणारे चार, निदान तीन तरी असल्याशिवाय विधी करू नये. म्हणजे ज्यांनी पुस्तक केलं, त्यांच्या डोळ्यांपुढे तुमच्याएवढी मंडळी होतीच. रोजच्या उपासनेच्या शेवटी क्रिसोस्तमची प्रार्थना आहे, तीही दोघातिघांचीच आठवण काढते. दोनशेंची नाही.

हिशेबनीस

वाचककाका, १६६२ च्या पुस्तकाला पत्र्याचा भाव माहीत नव्हता. मी आमच्या मंडळीचा खजिनदार होतो (गाव वेगळं, रड तीच). आद्यफळाच्या लिलावात एक भोपळा सातशेला गेला. का? बोली लावणारे आम्ही चौघंच, आणि चौघंही पंच! आमच्याच खिशातलं आमच्याच पेटीत. याला मंडळी चालवणं म्हणायचं की देऊळ राखणं? पुस्तकातलीच दुसरी सूचना सांगा ना: प्रत्येकानं वर्षातून निदान तीनदा प्रभुभोजन घ्यावं, त्यात ईस्टरचं हवंच. पंच म्हणतात ते तीन दिवस उघडा, नियम पाळला गेला.

जुना वाचक

"निदान" हा शब्द गाळून वाचलंत, खजिनदारसाहेब. शिवाय ते प्रभुभोजनाचं झालं. सकाळची उपासना रोजची आहे.

मिशनघरची सून

तुम्ही दोघं पुस्तकात भांडा, मी जीपचं बोलते. सकाळी साडेसातला जीप. सासूबाईंना त्या पायरीवर कोण चढवणार? त्यांच्यासारख्या आमच्याकडे सहा जणी. तुम्ही चौदा किलोमीटर न्याल ती पोरं. म्हाताऱ्या घरी राहतील, आणि या सहा जणींनीच इतकी वर्षं देऊळ झाडलंय.

दुसरं कोणी बोलत नाही म्हणून मीच सांगते. आमच्या तालुक्याची मंडळी अमेरिकन मिशनची. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात सगळे मिळून उत्तर भारत मंडळी झालो, तेव्हा कागदावर आपण एकच. पण तिकडे गुडघे टेकायची सवय नाही, बसूनच डोकं झुकवतात. लग्न होऊन आले तेव्हा मी तिकडचीच, इथे पहिल्या रविवारी सगळे गुडघ्यावर आणि मी एकटी उभी! आता उलट होईल, एवढंच. लोक वाईट नाहीत हो. पण जाऊन पाहुण्यासारखं मागे बसायचं.

टिळकनगरकर

ताई, अमेरिकन मिशनवर रागावू नका. :) ते नगरला १८३१ पासून आहेत, तुमचे एसपीजीवाले मागून आले. आणि गुरुजी रविवारी जी टिळकांची भजनं सांगतात, ते कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्याच मिशनचे. पुस्तक तुमचं, भजन आमचं, दोन्ही एकाच बाकावर कधीची बसलीत. मला वाटतं प्रश्न कुठे जायचं हा नाहीच. गुरुजींनंतर कोण वाचणार, हा आहे.

घंटेची दोरी

ते मात्र खरं. गुरुजी अठ्ठ्याहत्तरचे आहेत. काल घरी जाऊन विचारलं, तुमच्यानंतर कोण? ते म्हणाले, "तुझं वाचन बरं आहे, फक्त स्तोत्र पळवू नकोस." मी तालुक्याच्या मंडळीत मिसळायच्या बाजूचा, हे त्यांना ठाऊक आहे. तरी पुढच्या रविवारचा पहिला पाठ मला दिलाय, यशया.

माझं मत अजून तेच आहे, वाचककाका, लगेच खूश होऊ नका. बैठक पंधरा दिवसांनी. तोवर एक मदत हवी. आगमनकाळ (नाताळाआधीचे चार रविवार) तोंडावर आलाय आणि त्या दिवसांत वेदीवर घालायचं जांभळं कापड कसरीनं खाल्लंय. हिरवं अजून धड आहे, पण ते चालणार नाही असं सहाही जणी एकमुखानं सांगतात. नगरला असं कापड कुठल्या दुकानात मिळेल?

मिशनघरची सून

दुकान शोधू नका. माझी लग्नातली जांभळी साडी पडून आहे. काठ काढून देते. लांबी मोजून कळवा.