चारा एनर्जी बघून घ्या, नुसता प्रोटीनचा आकडा बघून नको

भूमचा_गोठा:
आमच्याकडं भूम-परंड्यात जो तो पशुखाद्याच्या पोत्यावरचं प्रोटीन बघतो, २० का २२, झालं. पण दूध तुटतं तेव्हा बऱ्याचदा कमी पडलेली असते एनर्जी, अन् ती पोत्यावर सहसा नसतेच. हिशोब बघा, ४०० किलोच्या संकरित गाईला नुसतं जगायला ७ मेगाकॅलरी नेट एनर्जी (चाऱ्यातली खर्च-नासाडी वजा जाता गाईच्या कामी येणारी एनर्जी) लागते, ३.५ फॅटच्या दुधाला लिटरमागं ०.७ च्या आसपास, म्हणजे १५ लिटरवालीला रोज साडेसतरा. पाणी सोडून कोरडं वजन धरलं तर ती खाणार १२ किलो, मग किलोमागं १.४५ पाहिजे. कडब्याचा टीडीएन, म्हणजे चाऱ्यातला एकूण पचणारा भाग, ५० टक्के धरा, ०.०२४५ नं गुणा, ०.१२ वजा करा, येतात १.१. ही तूट मका भरड्यानं भरायची सोडून लोक पेंड वाढवतात. जादा प्रोटीन लघवीतून युरिया होऊन जातं, वर त्यातच गाईची एनर्जी खर्च होते.

अंबाजोगाईकर:
हा ५० कुणाच्या कडब्याचा? वेळेवर काढलेली मालदांडी ज्वारी वेगळी अन् पावसात भिजून काळी पडलेली पेंढी वेगळी, टेबलात दोन्ही कडबाच. मी शेण बघतो, रवंथ बघतो, गाईची पाठ बघतो. गाय स्वतःच सांगते की काय कमी पडलं ते.

भूमचा_गोठा:
सांगते, पण दूध उतरल्यावर. टीडीएन ५ नं चुकला तर किलोमागं ०.१२ चा फरक, ६ किलो कडब्यावर ०.७, म्हणजे एक लिटर दूध. चुकलो तरी किती ते कळतं, नजरेच्या अंदाजात ते पण कळत नाही.

उदगीर_व्हेट:
लॅबमध्ये पण एनर्जी थेट मोजत नाहीत हो, फायबर काढून सूत्रानं अंदाज बांधतात. जाळून मोजली तर कडबा अन् मका दोन्ही जवळपास सारखेच, किलोला ४.४ मेगाकॅलरीच्या आसपास, खरा फरक गाईच्या पोटात पडतो. म्हणून आकडा दोन चाऱ्यांची तुलना करायला वापरा, दुधाची गॅरंटी म्हणून नको.

आष्टीचा_दूधवाला:
मग टीडीएनच पुरे की! एनडीडीबीचं (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचं) रेशन बॅलन्सिंग, म्हणजे गाईच्या खाण्याचा हिशोब, पण त्याच्यावरच चालतं. नेट एनर्जी ही परदेशातल्या ३०-४० लिटरच्या गाईंची भानगड, शेतकऱ्याला कशाला गोंधळात टाकायचं?

उदगीर_व्हेट:
इथं मला पटत नाही. टीडीएन जाड्याभरड्या चाऱ्याला जास्त मार्क देतो, मिथेनमध्ये अन् चावण्या-पचवण्याच्या उष्णतेत जे जातं ते तो धरतच नाही. मे महिन्यात ४२ डिग्रीत ती उष्णता गाईला बाहेर टाकता येत नाही, ती खाणंच कमी करते, तेव्हा मराठवाड्यात तर हा फरक जास्त धरायला पाहिजे.

अंबाजोगाईकर:
दुष्काळात ट्रकमधून जे येईल ते घ्यावं लागतं राव, उसाचं वाढं असो का सोयाबीनचं भुसकट. तिथं कसली मेगाकॅलरी?

भूमचा_गोठा:
उलट तिथंच जास्त लागते! वाढ्यात ७० टक्के पाणी, १० किलोचे पैसे मोजून ३ किलो चारा हातात. भाव कोरड्या वजनावर काढा अन् मग किलोचे रुपये भागिले मेगाकॅलरी करा, भिजलेला कडबा असेल तर टीडीएन ४५ धरा.

अंबाजोगाईकर:
४५ का ४० हे बी शेवटी नजरेनंच ठरवणार ना? कोरड्या वजनाचं मान्य, बाकी मी पेंढी हातात घेतल्याशिवाय भाव करत नसतो.