[मंडळ-यादी] परतीची तारीख: २६ सप्टेंबर की ५ ऑक्टोबर? (शुक्रवारपर्यंत उत्तर हवं)

प्रेषक: मंदार

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेतून कायमचे पुण्याला परततोय, त्याची तिकिटं शुक्रवार संध्याकाळपर्यंतच धरून ठेवता येतील. २६ सप्टेंबर २०२६ किंवा ५ ऑक्टोबर, दोन्ही पुण्यापर्यंतची. दिवाळी अंकाच्या वेळी श्रीकांतकाकांनी आयकराच्या दृष्टीने "१ ऑक्टोबरनंतरच उतरा" असं लिहिलं होतं, पण सप्टेंबरची तिकिटं बरीच स्वस्त आहेत. ९ दिवसांनी खरंच एवढा फरक पडतो का? नवरा-बायको दोघंही ग्रीन कार्डवर आहोत, न्यू जर्सीचं घर अजून विकलेलं नाही, मुलगी आठवीत.

मंदार

प्रेषक: श्रीकांत (कोथरूड)

मंदार,

फरक पडतो. भारताचं करवर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यात १८२ दिवस भरले की तू आयकरासाठी रहिवासी, आणि मग अमेरिकेतल्या उत्पन्नावरही भारतात कर लागू शकतो. उतरल्याचा दिवसही धरायचा. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च बरोबर १८२ होतात, म्हणजे २ ऑक्टोबर ही पहिली सुरक्षित तारीख. मात्र एप्रिलपासून त्याच वर्षात भारतात राहिलेले दिवस त्यात मिळवायचे. ५ ऑक्टोबरला उतरलास तर १७८ होतात आणि हातात फक्त ३ दिवस उरतात. मे महिन्यात येऊन गेला असशील तर हिशोब तिथेच संपला.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे. कलमांचे आकडे बदलले, रहिवासाचे नियम तेच आहेत.

श्रीकांत

प्रेषक: वैशाली

श्रीकांतराव, अर्धाच नियम सांगितलात. वर्षात ६० दिवस आणि आधीच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस, असं असलं तरी माणूस रहिवासी होतो. ६० च्या जागी १८२ ही सवलत भारताबाहेर राहणारा नागरिक किंवा भारतीय वंशाचा माणूस "भेटीला" येतो तेव्हाची. कायमचं परतणं म्हणजे भेट नव्हे. (भेटीलासुद्धा, भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर १८२ ऐवजी १२०.)

तेव्हा मंदार, आधी पासपोर्टचे शिक्के मोज. २०२२-२३ ते २०२५-२६ या ४ वर्षांत भारतात किती दिवस होतास? ते कळल्याशिवाय कुठलंच तिकीट घेऊ नकोस.

वैशाली

प्रेषक: सुनील (डॅलस)

पुण्याची एवढी घाई कशाला? न्यू जर्सीचा राज्य आयकर वरच्या टप्प्यात १०.७५ टक्क्यांपर्यंत जातो, टेक्सासमध्ये शून्य. पगार तोच ठेवून इकडे बदली घे. मुलीची शाळाही इंग्रजीतच राहील.

सुनील

प्रेषक: अनुराधा (बाणेर)

सुनीलभाऊ, टेक्सासचा घरपट्टीचा दर सांगायचा राहिला. उपनगरांत घराच्या किमतीच्या २ टक्क्यांच्या आसपास. ५ लाख डॉलरच्या घराला वर्षाला १० हजार, आणि निवृत्त झालात तरी ते चालूच. राहत्या घराची सूट अर्ज करून घ्यावी लागते, मूल्यांकनावर हरकत साधारण १५ मेपर्यंत नोंदवावी लागते. आयकर शून्य दिसतो तो पगार मोठा असताना. पगार थांबला की घरपट्टी तेवढीच राहते.

पुण्यात राहत्या घराला महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण ती आपोआप मिळत नाही. फ्लॅट भाड्याने असेल तर सवलत गेलेली असते. परत आल्यावर पीटी-३ अर्ज भरायचा, सोबत सोसायटीचं तुम्ही तिथे राहता असं पत्र आणि पत्त्याचा पुरावा. बिल हातात पडल्यावर भांडून काही होत नाही, अर्ज आधी द्यावा लागतो.

अनुराधा

प्रेषक: सुनील (डॅलस)

घरपट्टीच्या बदल्यात नळाला पाणी तरी चोवीस तास असतं. पुण्यात करही द्यायचा आणि टँकरही आणायचा. ते पैसे करातच धरायला हवेत.

प्रेषक: अनुराधा (बाणेर)

मान्य, धराच. म्हणूनच म्हणते, फ्लॅट बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल नंतर बघा. सोसायटीच्या कार्यालयात एप्रिल-मे या दोन महिन्यांची टँकरची बिलं मागा. त्याला फ्लॅटच्या संख्येने भागलं की खरा मासिक खर्च कळतो. बाणेर, बालेवाडी, बावधन, वाघोली, आणि २०१७ नि २०२१ साली महापालिकेत आलेली गावं, सगळीकडे हे विचारायचं. बोअरचं पाणी असेल तर क्षार किती हेही विचारा. गीझर आणि नळ लवकर जातात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हापासून टाकीत क्लोरीन कोण, किती वेळा टाकतं हेही मी विचारायला सांगते. उत्तर देणारा माणूस सोसायटीत असला पाहिजे.

प्रेषक: मंडळ सचिव

कृपया विषय बदलला की नवा धागा काढा. पुण्यातल्या सोसायट्यांची चौकशी घर-समितीच्या यादीवर करायची असं सर्वसाधारण सभेत ठरलेलं आहे. इथे मंदारच्या तारखेपुरतंच ठेवू या.

प्रेषक: मंदार

शिक्के मोजले. आईच्या आजारपणामुळे त्या ४ वर्षांचे दिवस ३६५ च्या वर जातात. कुठल्याही एका वर्षात १२० झालेले नाहीत. आणि या मे महिन्यात २० दिवस येऊन गेलोय. म्हणजे ५ ऑक्टोबरही गेला?

प्रेषक: वैशाली

गेला. ५ ऑक्टोबर धरलास तर १७८ आणि २० मिळून १९८, तिथेच रहिवासी. मेची फेरी नसती तरी ६० दिवसांच्या नियमाने पकडला असतास. तुझ्यासाठी दोन्ही तिकिटं सारखीच.

पण घाबरू नकोस, रहिवासी होणं म्हणजे लगेच अमेरिकेतल्या उत्पन्नावर भारतात कर असं नाही. आधी "रहिवासी पण सामान्यतः नव्हे" हा टप्पा असतो, त्याला आरएनओआर म्हणतात. आधीच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असलास तर तो मिळतो, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतातले दिवस ७२९ च्या आत असले तर. या काळात अमेरिकेतलं व्याज, लाभांश, घरविक्रीचा नफा भारतात करपात्र नाही. प्रश्न हा टप्पा कधी संपतो एवढाच आहे.

सप्टेंबरला उतरलास तर २०२६-२७ आणि २०२७-२८ ही दोन वर्षं १०-पैकी-९ ने सुटतात. २०२८-२९ साली तो निकष तुटतो, मग दिवस मोजायचे. २६ सप्टेंबरपासून १८७, पुढचं वर्ष २९ फेब्रुवारीमुळे ३६६, झाले ५५३. मेचे २० आणि आधीच्या फेऱ्या ३६५ च्या वर, म्हणजे ७२९ ओलांडलेच. ३१ मार्च २०२८ ला टप्पा संपला. ज्याच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या मिळून १७६ दिवसांच्या आत असतात, त्याला सप्टेंबरला उतरूनही ३१ मार्च २०२९ पर्यंत मिळतो. म्हणून एकाची तारीख दुसऱ्याने उचलू नये.

प्रेषक: श्रीकांत (कोथरूड)

वैशालीताईंचा हिशोब बरोबर आहे. कायमचं परतणाऱ्याला "भेट" लागू होते असं मांडणारेही आहेत, पण मंदारचे १९८ झाल्यावर तो वाद इथे कामाचाच नाही.

मंदारला २०२६-२७ अनिवासी म्हणून काढायचं असेल तर या वर्षीचे एकूण दिवस ५९ च्या आत हवेत. मेचे २० गेले, उरले ३९. २१ फेब्रुवारी २०२७ ला उतरलास तर फेब्रुवारीचे ८ आणि मार्चचे ३१, बरोबर ३९. विमान मध्यरात्रीचं असतं, इमिग्रेशनचा शिक्का कोणत्या तारखेचा पडतो ते बघ. २४ फेब्रुवारी धर, तीन दिवस हातचे ठेव. मग २०२७-२८ आणि २०२८-२९ आरएनओआर, ३१ मार्च २०२९ पर्यंत.

आरएनओआरच्या या एका जादा वर्षाचा फायदा तुझ्या न्यू जर्सीच्या घरात आहे. अमेरिकेत मागच्या ५ पैकी २ वर्षं राहिलेलं घर विकलं तर जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त. ती मुदत घर सोडल्यापासून ३ वर्षांची. भारताची मुदत त्याआधी संपते. ती संपल्यावर विकलंस तर तिथे करमुक्त असलेल्या नफ्यावर इथे १२.५ टक्के, वर उपकर, लागू असेल तर अधिभार. तेव्हा घर ३१ मार्च २०२९ च्या आत विकून मोकळा हो, भाड्याने देऊन ठेवू नकोस.

प्रेषक: सुनील (डॅलस)

मुलीच्या शाळेचं काय? वर्ष अर्धवट सोडून?

प्रेषक: अनुराधा (बाणेर)

सीबीएसईचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाचं जूनमध्ये. फेब्रुवारी उलट सोयीचा. नववीत नोंदणी होते ती दहावीच्या परीक्षेची, त्यामुळे नववीच्या सुरुवातीलाच आलेलं बरं. दहावीत थेट प्रवेश मिळवणं फार अवघड जातं. प्रवेशाची चौकशी मात्र डिसेंबरच्या आत सुरू करा.

प्रेषक: मंदार

म्हणजे दोन्ही तिकिटं सोडतो आणि २४ फेब्रुवारीचं बघतो. ग्रीन कार्डचं काय करायचं? आणि पुण्याच्या बँकेतल्या एनआरई (अनिवासींच्या रुपयांतल्या) ठेवी मार्च २०२९ पर्यंत तशाच ठेवल्या तर चालेल ना?

प्रेषक: वैशाली

ठेवी चालणार नाहीत, इथेच सगळे अडकतात. आयकराचा रहिवास आणि फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, रहिवास वेगळे. कायमच्या मुक्कामाने उतरलास की फेमाखाली लगेच रहिवासी. एनआरई खातं तेव्हाच बदलून घ्यावं लागतं आणि व्याजाची करमाफी तिथे थांबते, आरएनओआर असलास तरी. एफसीएनआर (अनिवासींची परकीय चलनातली) ठेव मात्र मुदतीपर्यंत चालते आणि तिचं व्याज आरएनओआर असेपर्यंत करमुक्त. म्हणून ज्या एनआरई ठेवी जानेवारीपर्यंत संपतात, त्यांचं नूतनीकरण थांबव. डॉलर एफसीएनआरमध्ये लांब मुदतीला टाक. ते उतरण्याआधी, अनिवासी असतानाच करावं लागतं. उतरल्यावर उरलेले डॉलर आरएफसी, म्हणजे रहिवाशाच्या परकीय चलन खात्यात.

ग्रीन कार्ड मागच्या १५ पैकी ८ वर्षं असेल, तर ते परत करताना एक्झिट टॅक्सची (कार्ड सोडताना लागणाऱ्या अमेरिकी कराची) चाचणी लागते. निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर ही त्यातली एक रेषा. दोघांची वेगवेगळी मोजतात. कार्ड कोणत्या साली मिळालं ते लिही, मग पुढचं सांगते.

प्रेषक: मंडळ सचिव

ग्रीन कार्डसाठी नवा धागा काढावा.