मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन कामिकोचीला कसं जावं? (आईचा गुडघा दुखतो)

नमस्कार मंडळी, आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीहून आई-बाबा येतायत आणि त्यांना नागानोतल्या डोंगरांमधल्या कामिकोची या दरीत न्यायचंय. १५ नोव्हेंबरनंतर ते थेट एप्रिलपर्यंत बंद, त्यामुळे पुढे ढकलता येत नाही. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. १९१५ मध्ये याकेदाके ज्वालामुखीचा उद्रेक झाला, चिखलाने अझुसा नदी अडली आणि ताईशो तळं तयार झालं, हे मी फोनवर सांगितलं तेव्हापासून रोज विचारतायत, तिथे नेणार ना म्हणून.

अडचण आईची आहे. सपाटीवर ती तासभर सहज चालते, पण जिना उतरताना कठडा धरून आधी उजवा पाय, मग डावा त्याच पायरीवर, असं एकेक करत उतरते. मागून लोक आले की घाबरते. म्हणून चालण्यापेक्षा मला गाड्या बदलण्याचीच काळजी जास्त वाटते.

शिंजुकूहून थेट बस आहे, बदलाबदली नाही पण साधारण पाच तास एका जागी बसून गुडघा आखडेल. दुसरा रस्ता म्हणजे अझुसा एक्सप्रेसने मात्सुमोतो, तिथून छोट्या ट्रेनने अर्ध्या तासात शिन-शिमाशिमा आणि पुढे तासाभराची बस. माझ्याकडे इथलं लायसन्स आहे, पण खाजगी गाडी वर सोडतच नाहीत, सावांदोला पार्क करून पुन्हा बस नाहीतर टॅक्सी करावीच लागते, मग एवढं ड्रायव्हिंग करून फायदा काय असं वाटतं. सध्या माझा कल मात्सुमोतोला एक रात्र राहून सकाळी निघण्याकडे आहे, मोठ्या बॅगा ताक्युबिनने (सामान पोचवणाऱ्या कुरियरने) आधीच हॉटेलवर पाठवून देईन.

वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर सांगा, मात्सुमोतो आणि शिन-शिमाशिमाला लिफ्ट नीट सापडते का, की जिना चढावाच लागतो? बस टर्मिनलच्या आधी ताईशो-इके (तेच ताईशो तळं) स्टॉपला उतरून नदीकाठाने काप्पा पुलापर्यंत चालायचा विचार आहे, वाट सपाट आहे असं वाचलंय पण लाकडी पट्ट्यांवर सकाळी दव किंवा बर्फ साचून निसरडं होतं का? मध्ये बसायला बाकं आहेत का? आणि परतीच्या बसचं तिकीट आधी काढावं लागतं का? हे नक्की कळायला हवं, कारण शेवटची बस चुकली तर आईला घेऊन संध्याकाळच्या थंडीत, १५०० मीटरवर, मी काय करणार.

जेवणाचं म्हणाल तर दोघं पक्के शाकाहारी, सोब्याच्या (जपानी नूडल्सच्या) रस्स्यातही माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतोच, म्हणून आई दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेणार आहे. भोपळ्याची ओयाकी (सारण भरलेला तिथला पिठाचा गोळा) त्यांना चालेल का, सारणात दाशी घालतात का, हे कुणी तिथल्या दुकानात विचारलं असेल तर तेही कळवा. अझुसाची तिकिटं या रविवारी काढायची आहेत, त्याआधी उत्तर मिळालं तर फार मदत होईल.