मदत हवी आहे: नॅशनल पार्कात दिसलेलं बिनपानाचं फूल, नवीन प्रजाती की माझाच भ्रम?

मंडळी, मी बॉटनीवाला नाही, आठवडाभर बँक आणि रविवारी बोरिवलीचं नॅशनल पार्क एवढंच, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

जूनच्या शेवटच्या रविवारी बांबूच्या बेटाखाली पाचोळ्यात एक तपकिरी दांडा दिसला, वीतभरसुद्धा नाही, वर दोन मळकट पांढरी फुलं, पान एकही नाही आणि हिरवा रंग औषधाला नाही. (नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाहीये, ऑर्किड निघालं तर लोक कुंडीत लावायला उपटून नेतील, आणि कुंडीत ते जगणार नाही ते वेगळंच.) आधी वाटलं अळंबीच आहे. गुडघे टेकून मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर आत जिभेसारखी एक पाकळी, म्हणजे फूलच की! ग्रुपवर टाकलं तर एकजण म्हणे भूछत्र, दुसरा म्हणे एजिनेशिया. अहो एजिनेशिया मी ओळखतो, ती जांभळट, मान खाली घातलेली, गवताच्या मुळांतून थेट रस ओढते. हे ते नाही.

मग रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. हरितद्रव्य नसलेली काही झाडं बुरशीच्या जिवावर जगतात. ती बुरशी कुजका पाचोळा खाते नाहीतर मोठ्या झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करते, आणि ही बया मेसच्या वहीत दुसऱ्याच्या नावावर जेवल्यासारखी तिच्याकडून घेते. बाकी वर्षभर जमिनीखाली, वर येणार ती फक्त फुलायला.

दोन आठवड्यांनी परत गेलो तर फुलं गळालेली, पण फळाचा देठ चक्क फूटभर वाढलेला, काडीसारखा ताठ. गॅस्ट्रोडिया आणि डिडिमोप्लेक्सिस या ऑर्किडांत फुलानंतर देठ असाच लांबतो म्हणे, बी वाऱ्यावर जावं म्हणून. डिडिमोप्लेक्सिस पॅलेन्स भारतात आहेच, तर बहुतेक तेच असेल. पण तिच्या वर्णनात ओठावर (म्हणजे त्या जिभेसारख्या पाकळीवर) पिवळ्या गाठी लिहिल्यात आणि माझ्या सात फोटोंपैकी एकातही त्या दिसत नाहीत. इथेच गाडी अडलीये. फोटो धूसर, पावसात काढलेले, तेही खरं.

एवढ्यावर नवीन प्रजाती म्हणून नाचायचं नाही हे कळतंय मला. जपानात किरिशिमाच्या बाजूला अशाच एका झाडाला सगळे नेहमीच्या मोनोट्रोपास्ट्रम ह्युमाइलचाच गुलाबी प्रकार समजायचे. वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालं २०२२ साली, वीसेक वर्षांच्या अभ्यासानंतर, कारण ते ४० दिवस उशिरा फुलतं, फुलाची ठेवण वेगळी आणि मुळांतली बुरशीही वेगळी. म्हणजे वर काय दिसतं त्याइतकंच खाली काय आहे तेही बघावं लागतं, आणि खालचं बघायचं तर उकरावं लागतं.

मित्र म्हणतो एक तोडून आण, कोण बघतंय. नाही आणणार. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथलं पानही उचलता येत नाही, आणि मला दिसलेत एकूण तीन दांडे. पण नाव द्यायचं तर नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, जमा हवाच, नुसत्या फोटोवर भागत नाही. (वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच लागायचं, २०१२ पासून इंग्रजी चालतं, एवढीच काय ती सूट.)

तर जाणकारांनी प्लीज सांगा. झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला जुने नमुने बघू देतात का, आणि कोरड्या नमुन्यात असल्या नाजूक फुलाचं काही ओळखू येतं का, की स्पिरिटमधलंच बघावं लागतं? परवानगीचा अर्ज मी एकट्याने केला तर चालतो की कुठल्यातरी कॉलेजमार्फतच जावं लागतं? आणि डीएनएचं, नेहमीचे बारकोड (प्रजाती ओळखायला वापरतात ते डीएनएचे तुकडे) हरितलवकातल्या जीनवर असतात आणि या झाडांनी त्यातले बरेचसे जीन गमावलेले असतात, मग आयटीएसवरच (पेशीकेंद्रातल्या डीएनएचा तुकडा) जायचं ना? खर्चाचा अंदाज असेल तर तोही सांगा, पगार बँकेतला आहे, बँक माझी नाही.

या रविवारी परत जातोय, पट्टी आणि मॅक्रो लेन्स घेऊन. फुलं आता नाहीत, फळं तेवढी आहेत. हात न लावता कसली मापं घेऊ ते शनिवारपर्यंत कोणी सांगितलं तर बरं होईल.