जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड दहा-पंधरा मिनिटांनी मान टाकतंय, कॉईल बदलण्याआधी काय तपासू?

खाडीवाला:
फायबरची 20 फुटी होडी, खाडीत आणि किनाऱ्यालगत जाळं टाकायला. मागे जुनं 9.9 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, पेट्रोलवरचं. सकाळी दोन-तीन ओढीत चालू होतं. फुल थ्रॉटलवर दहा-पंधरा मिनिटं नीट पळतं, मग आवाज बसतो, वेग पडतो आणि बंद. जरा वेळ थांबलं की परत चालू. प्लग नवे टाकलेत, कार्बोरेटर धुतलाय. मेकॅनिक म्हणतो कॉईल गेली. कॉईल महाग, आणि एकदा घेतली की दुकानदार परत घेत नाही. ड्रममध्ये लावलं तर मात्र मस्त चालतं.

दर्यावर्दी:
ड्रममध्ये चालणारच. तिथे पंख्याला लोड नाही, पेट्रोल नावालाच लागतं. दोष लोडवरच दिसेल. खाडीत फिरायचं नसेल तर होडी धक्क्याला पुढून-मागून दोन्हीकडे दोर बांधून गिअरमध्ये चालवा, आसपास पाण्यात कोणी नाही हे आधी बघा.

गरम झाल्यावर बंद आणि थांबल्यावर चालू, हे पेट्रोल कमी पडलं तरी होतं, कूलिंग बसलं तरी होतं, कॉईल तापून स्पार्क गेला तरी होतं. किनाऱ्याला येऊन खोलाखोली केली तर तोवर तिन्ही ठीक झालेले असतात. म्हणून तपासणी बंद पडतानाच करायची, आणि त्यासाठी होडीत दुसरा माणूस हवा.

आवाज बसायला लागला की त्याने पेट्रोलच्या नळीवरचा बल्ब (हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबायला घ्यायचा. इंजिन सावरलं तर कॉईल विसरा, पेट्रोल पोहोचत नाहीये. मग बल्ब कसा लागतो ते बघा:
- चपटा झालाय, फुगत नाही: अडथळा बल्बच्या आधी. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी किंवा नळी.
- फुगतो, पण सारखा दाबत राहिलं तरच इंजिन चालतं: फ्यूएल पंपाचा पडदा गेलाय, नाहीतर कनेक्टरच्या ओ-रिंगमधून हवा ओढतंय.
- दगडासारखा कडक आणि तरी इंजिन मरतंय: बल्बपर्यंत सगळं ठीक. इंजिनावरचा फिल्टर आणि कार्बोरेटरची नीडल बघा, तिथे काही नसेल तर स्पार्ककडे वळा.

त्याच वेळी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या कूलिंगच्या पाण्याच्या धारेवर नजर ठेवा. धार बारीक झाली किंवा वाफ यायला लागली तर लगेच बंद करा. हेडवर पाण्याचा थेंब टाकून चर्र झालं, तर इम्पेलर (पाण्याच्या पंपातला पंखा) किंवा थर्मोस्टॅट (कूलिंगची झडप) बघा. धार नाही पण हेड थंड असेल तर नुसतं धारेचं भोक मिठाने बुजलेलं असतं, बारीक तार घालून मोकळं करा.

स्पार्क शेवटी, पण इंजिन गरम असतानाच. दोन्ही प्लग काढा, कॅपमध्ये बसवून ब्लॉकला टेकवा, प्लगच्या भोकांपासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते, भडका उडू शकतो. निळी, तडतडणारी ठिणगी हवी. दोन्हीकडे गायब असेल तर स्टॉप स्विचची वायर सोडवून पुन्हा ओढा. मीठ चढलेला स्विच कॉईलच्या नावाने बरेच पैसे खातो.

मिस्त्रीकाम:
वरचं बरोबर. एक भर: चालू इंजिनाची प्लग कॅप उपटून 'कुठला सिलिंडर मेला' बघू नका. सीडीआय (इलेक्ट्रॉनिक) इग्निशनमध्ये करंटला वाट मिळाली नाही की कॉईल आणि सीडीआय दोन्ही जाऊ शकतात. म्हणजे चांगली कॉईल तपासताना घालवाल.

गेज लावून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेऊन ठेवा. दोन्ही प्लग बाहेर, कॅप ब्लॉकला अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा थांबेपर्यंत चार-पाच ओढी. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. 10 टक्क्यांपर्यंत चालतो, त्यापुढे रिंग किंवा हेड गॅस्केट.

आणि ड्रममध्ये पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर असू द्या. इम्पेलर रबराचा असतो, कोरडा फिरला की काही सेकंदांत पाकळ्या जळतात.

खाडीवाला:
धक्क्याला बांधून केलं. बल्ब पार चपटा. दाबत-सोडत राहिल्यावर जरा सावरलं, मग पुन्हा तेच. हवेचा स्क्रू पूर्ण उघडा होता. धार चांगली आहे.

दर्यावर्दी:
मग आता टाकी आणि नळी एवढंच उरलं. दुसऱ्या कोणाची टाकी नळीसकट मागून आणा आणि लावून बघा. त्यावर अर्धा तास पळालं की निकाल लागला.

माझा संशय नळीवर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. नळी बाहेरून धडधाकट दिसते, आतला थर मात्र सुटतो. हळू चाललं की पडून राहतो, फुल थ्रॉटलला ओढ वाढली की झडपेसारखा आडवा येतो. थांबलं की पुन्हा आपल्या जागी. बल्बजवळ नळी आडवी कापा, आत सालपट लोंबताना दिसेल.

नळी आणि बल्ब एकदमच बदला, इथेनॉल चालणारी नळी मागून घ्या. आतलं माप जुन्याएवढंच. बल्बवरचा बाण इंजिनाकडे. स्टीलच्या क्लिपा लावा, प्लास्टिकच्या पट्ट्या नकोत. टाकीतली जाळी काढून धुवा, आणि तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. खाली वेगळा थर बसला तर ते पाणी शोषलेलं इथेनॉल, ती टाकी पूर्ण रिकामी करा.

मिस्त्रीकाम:
नळीचे तुकडे पुढे गेलेले असणार, इंजिनावरचा फिल्टर आणि मेन जेट पुन्हा एकदा बघाच. नवं पेट्रोल भरताना ऑईल मोटरसायकलचं टू-टी नको, टीसी-डब्ल्यू-3 (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं ऑईल) घ्या. तुमचं प्रमाण 50:1 (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑईल) असेल तर लिटरला 20 मिली. त्याहून जुन्या इंजिनांना जास्त लागतं, मॅन्युअलात किंवा कव्हरच्या आतल्या स्टिकरवर बघा.